फ्लेक्सवरचं दुसरं बाळ

गजेंद्रने फ्लेक्स बांधायला घेतला तेव्हा घरात सकाळचा दुसरा चहा चालू होता. शेडनेटसमोरच्या मोकळ्या जागेत मांडव पडला होता आणि मांडवाच्या तोंडाशी तो फ्लेक्स, मेहकरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीतल्या माणसालाही वाचता यावा एवढा मोठा. मधोमध झोपाळ्यावर अनुपमा. तिच्या दोन्ही अंगांना इंटरनेटवरून उचललेली दोन गुबगुबीत बाळं, एकाला निळी टोपी आणि दुसऱ्यालाही निळीच. वर लिहिलं होतं, ‘जुळ्यांच्या आगमनानिमित्त डोहाळजेवण’. खाली शुभेच्छुकांत तिच्या सासऱ्याचं, मोतीरामचं, नाव सगळ्यांत ठळक, मग गजेंद्रचं, आणि ज्याची ही बाळं त्या हर्षलचं नाव पार कोपऱ्यात, फोटोशिवाय. फ्लेक्स थोरल्या भावाने छापून आणला की असंच व्हायचं.

अनुपमा पायरीवर येऊन उभी राहिली. सातवा महिना, एक हात कमरेला. तिने फ्लेक्स पाहिला आणि मग अंगणात नवऱ्याला शोधलं. हर्षल काल संध्याकाळी पुण्याहून आला होता. आल्या आल्या घरात सांगतो म्हणाला होता. मग जेवण झाल्यावर सांगतो म्हणाला. मग सकाळी चहाच्या वेळी. आत्ता तो पाण्याचे जार उतरवायला टेम्पोच्या मागे गेला होता, आणि जार उतरवायला तिथे आधीच दोन माणसं होती.

“दादा,” ती थोरल्या दिराला म्हणाली, “तो बांधू नका.”

“काऊन? वाकडा झाला का?”

“त्याच्यावर दोन लेकरं हायेत.”

“मंग दोनच हायेत नं?”

“एकच हाय. दुसरं राह्यलं नाई. तिसऱ्या महिन्यातच डॉक्टर मॅडमनं सांगतलं होतं.”

गजेंद्रच्या हातातली सुतळी हातातच राहिली. फ्लेक्सचा एक कोपरा बांधलेला, दुसरा लोंबता. आतून अंबूबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली. या घरात कोणी हळू बोललं तर ते अंबूबाईला आधी ऐकू जायचं.

“काय म्हणाली तू?” तिने सुनेला विचारलं. “पुन्हा म्हण.”

अनुपमाने पुन्हा म्हटलं. टेम्पोच्या मागे जार खाली ठेवल्याचा आवाज झाला, पण हर्षल काही पुढे आला नाही.

तिसऱ्या महिन्यात घरातल्या घरात, कोणाला कळू न देता ओटी भरायची म्हणून तिला चोरओटी म्हणतात. अंबूबाईने ती चोरी अशी केली होती की दिवेलागणीपर्यंत सगळ्या गावाला जुळ्यांची बातमी लागली. दोन नारळ, दोन खण, गव्हाच्या दोन राशी. आजच्यासाठीही सगळं दोन दोन आणून ठेवलं होतं. आता ती त्या पायरीवर अशी उभी होती, जणू कोणीतरी तिच्या कनवटीचं काही काढून नेलंय आणि नेणारा अजून अंगणातच आहे.

“आत चल,” ती म्हणाली. “साऱ्यांनी आत या. हर्षल, तू बी ये.”

मधल्या खोलीत मोतीराम खुर्चीवर बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मोतीराम आयुष्यभर बियाण्याचे प्लॉट घेत आलेला माणूस. मिरची, टमाटे, काकडी. मादी झाडाची कळी उमलायच्या आत उघडायची, तिच्यातला नर काढून टाकायचा, दुसऱ्या झाडाच्या नरफुलाची धूळ बोटाने तिच्यावर लावायची आणि त्या फुलाच्या देठाला लाल धागा बांधायचा. धागा असलेलं फळ आपलं, बिनधाग्याचं फळ परकं, ते तोडून बांधावर. कंपनीचा माणूस तपासणीला आला आणि प्लॉटमध्ये एक जरी परकं झाड निघालं, तर सगळी मेहनत पाण्यात. त्यामुळे संशय घेणं हा मोतीरामचा स्वभाव नव्हता, तो त्याचा धंदाच होता. रोज संध्याकाळी तो शेडनेटमधून वाकून हिंडायचा आणि खाली गळून पडलेली धाग्याची फळं वेचायचा.

सासऱ्याने सुनेला असल्या गोष्टी तोंडाने विचारायच्या नसतात. ती समोर बसलेली असली तरी नाही. म्हणून तो बायकोला म्हणाला,

“तिले इचार, अंगावरून काई गेलं होतं काय.”

“नाई गेलं,” अनुपमाच म्हणाली.

“एक थेंब बी?” अंबूबाई.

“नाई.”

“पोट दुखलं?”

“नाई दुखलं.”

मोतीरामने मान हलवली. “हे पाय,” तो भिंतीकडे बघत म्हणाला, “लागलेलं फळ गळलं तर झाडाखाली पडेल दिसते. वाळते, सडते, पन दिसते. खाली नसलं, तर मंग ते गळलं नाई. कोनीतरी तोडून नेलं.”

अनुपमाला आधी त्याचा अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तिचे कान गरम झाले.

“मामाजी, काय बोलून राह्यले तुमी?”

“मी काई बोलून नाई राह्यलो. मी झाडाचं बोलून राह्यलो.”

“झाडाचं काऊन, सरळच बोला नं,” अंबूबाई पुढे सरकली. “हिले मास्तरीनबाईची परीक्षा द्यायची हाय. दोन लेकरं घेऊन कोनची परीक्षा होते? तिसऱ्या महिन्यात आठ दिवस जळगाव जामोदले माहेरी जाऊन राह्यली होती का नाई? तिकून डोंगर वलांडला की दुसरं राज्य. तिथं कोन इचारते कोनाले!”

“मायबाई!” अनुपमाच्या तोंडून एवढंच निघालं.

अंबूबाईचा आवाज आज जरा जास्तच चढला होता. गजेंद्रच्या बायकोला, वंदनाला, ते जाणवलं. सासू भांडायची तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांत बघून भांडायची. आज ती बोलताना मधून मधून धाकट्या मुलाकडे बघत होती, आणि हर्षल दाराच्या चौकटीला टेकून फोनची काच पुसत होता.

“वंदना,” अंबूबाई एकदम वळली, “दवाखान्यात तूच जात होती नं हिच्यासंग? तुले नाई समजलं?”

वंदनाला दोन मुली होत्या. दुसरी झाली तेव्हापासून घरात काहीही बिनसलं की नजर आधी तिच्याकडे वळायची. धाकट्या जावेला जुळं म्हटल्यावर गावातल्या दोन बायांनी तिला तोंडावर विचारलं होतं, पोटात दुखते काय वं? आता त्यातलं एक गेलं म्हटल्यावर त्याच बाया काय म्हणतील, ते तिला न ऐकताच ऐकू येत होतं. तिने पदर सारखा केला.

“मी बाहीर बसली होती,” ती म्हणाली.

ती आत होती. अनुपमाचा हात धरून उभी होती. पहिल्या खेपेला पडद्यावर दोन काळ्या पिशव्या दिसल्या होत्या आणि दोन्हींत एकेक ठिपका लुकलुकत होता. दुसऱ्या खेपेला एका पिशवीत हात हलवणारं, एवढंसं का होईना पण माणूसच, आणि दुसरी पिशवी चिमून गेलेली, रिकामी. अनुपमाने मान वळवून वंदनाकडे पाहिलं. ती काही बोलली नाही आणि वंदनाला ते जास्त लागलं.

उकंडराव बाराच्या सुमाराला आले. अनुपमाचे वडील, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. खांद्याला पिशवी, पिशवीत लेकीसाठी हिरवं लुगडं आणि फुलांचे दागिने केळीच्या पानात ओले करून आणलेले. अर्धा फ्लेक्स लोंबताना पाहून त्यांना वाटलं वाऱ्याने सुटला, म्हणून त्यांनी येता येता तो नीट अडकवायचा प्रयत्नही केला. आत आले आणि कोणी ‘या’ म्हणेना, तेव्हा त्यांनी पिशवी खाली ठेवलीच नाही.

मोतीरामने त्यांना बसायला सांगितलं आणि तेच झाडाचं बोलणं पुन्हा ऐकवलं. या खेपेला शेवटी झाड सोडून तो मुद्द्यावर आला.

“आठ दिवस पोरगी तुमच्या घरी होती, इवाईबुवा. जाताना दोन होते.”

“म्हंजे मी तोडून आनलं?” उकंडराव हळूच म्हणाले. “माह्या पोरीच्या पोटातलं?”

“मी तसं नाई म्हणत.”

“मंग कसं म्हणता? आठ दिवस पोरगी खाटेवर पडून होती. भाताचा वास आला की उलटी करे. रडे. आम्ही इचारलं तर सांगे नाई. आमाले वाटलं सासुरवाडीची आठवन येऊन राह्यली.” त्यांनी पिशवी छातीशी धरली. “आमाले काय ठाव, ती कोनासाठी रडत होती!”

अनुपमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. सकाळपासून पहिल्यांदाच कोणीतरी गेलेल्या बाळासाठी ‘कुठं गेलं’ सोडून दुसरं काही म्हटलं होतं. दवाखान्याच्या भिंतीवर एक मोठा तक्ता होता. बाईचं बीज आणि पुरुषाचं बीज एक होतं, त्या एका कणाचे दोन होतात, दोनाचे चार, मग तुतीच्या फळासारखा एक गोळा होऊन तो आतल्या अस्तरात रुतून बसतो. पुढच्या चित्रात त्याला शेपूट असतं. त्याच्या पुढच्यात काळीज धडधडू लागतं, हातांच्या जागी वल्ह्यासारखे दोन फुटवे येतात, मग त्या वल्ह्यांना बोटं सुटतात. नंबर यायची वाट बघताना तिने तो तक्ता इतक्या वेळा वाचला होता की रोज सकाळी उठल्यावर तिला दिसायचं, आज दोघं इथपर्यंत आली. मग एके दिवशी एकच पुढे गेलं. दुसरं नेमकं कोणत्या चित्राशी थांबलं हे तिला कोणी सांगू शकलं नव्हतं, आणि रात्री तिला तेवढंच कळून घ्यायचं असायचं.

“पाहा,” मोतीराम म्हणाला. तो उठून उभा राहिला होता, म्हणजे निकाल झाला होता. “चार वाजता बाया येतील. गावापुढं तमाशा नको. ओटी भरून घेऊ. मंग लेकीले घेऊन जा. पयलं बाळंतपन माहेरीच असते, कोनी काई म्हणनार नाई. पन मंग मी निरोप धाडल्याशिवाय आनू नका.”

हे काय बोलणं झालं ते सगळ्यांना कळलं. निरोप येत नसतो. गावात दोन घरी असे निरोप यायचे राहिले होते, आणि त्या दोघी पोरी आता माहेरच्या मळ्यात निंदायला जात होत्या.

उकंडराव पुन्हा उभे राहिले. अनुपमा मात्र वडिलांकडे बघत नव्हती. ती चौकटीत टेकलेल्या हर्षलकडे बघत होती. त्याने फक्त एवढंच म्हणायचं होतं की मला माहीत होतं, तिने त्याच दिवशी मला फोन केला होता, घरी सांगू नको असं मीच म्हणालो होतो. एवढं एक वाक्य. ती त्याच्या तोंडात ते वाक्य नजरेने ढकलत होती.

त्याच्या बापालाही तेच सुचलं असावं. “हर्षल,” मोतीराम म्हणाला, “तुले ठाव होतं?”

हर्षलने फोन खिशात घातला. आईकडे पाहिलं.

“नाई, बाबा,” तो म्हणाला. “मले बी आजच समजलं.”

अनुपमाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग तिला वाटलं, हा आता हसेल. तो हसला नाही. गजेंद्रने त्याच्या पाठीवर हात ठेवला, बिचाऱ्याला बायकोने फसवलं म्हणून.

वंदनाने मात्र ते नीट ऐकलं. दवाखान्यातून परतताना ऑटोत ती अनुपमाच्या मांडीला मांडी लावून बसली होती. रस्ता खराब, ऑटोचा खडखडाट, म्हणून अनुपमाने फोन मोठ्या आवाजात लावला होता. ‘घरी सांगू नको, आई धसका घेईल, मी आलो की सांगतो’ हे शब्द वंदनाने स्वतःच्या कानांनी ऐकले होते. तेव्हा तिला हर्षलचं कौतुक वाटलं होतं. आपल्या नवऱ्याने आपलं दुःख असं स्वतःच्या अंगावर कधी घेतलं नाही, असंही वाटलं होतं. आता तिला स्वतःचीच लाज वाटली. ‘मी बाहीर बसली होती’ म्हणताना आपणही हेच केलं. आज अनुपमा गेली की उद्या घरात संशयाला आपणच उरतो, हेही तिला तेवढ्यात कळून चुकलं. वंदना काही साधी नव्हती.

तिने कमरेचा फोन काढला.

“कोनाले लावते?” अंबूबाई.

“मॅडमले. शाहीन मॅडमले.”

“रविवार हाय आज,” हर्षल पटकन म्हणाला. “वहिनी, राहू दे. डॉक्टरबाईले कायले त्रास?”

“मी आतच होती, आत्याबाई,” वंदना म्हणाली. “मघाशी खोटं बोलली. आता जिनं तपासलं तिलेच इचारा.” आणि तिने फोन स्पीकरवर टाकून मोतीरामच्या समोर स्टुलावर ठेवला.

डॉक्टर शाहीननी तिसऱ्या रिंगला उचलला. “काय झालं वंदनाताई? दुखतंय का तिला? पाणी वगैरे?”

“नाई मॅडम, ती बरी हाय. घरचे सारे बसेल हायेत. जुळ्यातलं दुसरं कुठं गेलं म्हनून इचारून राह्यले.”

“अनुपमा आहे का? अनुपमा, बोलू मी सगळ्यांसमोर?”

“बोला मॅडम,” अनुपमा म्हणाली.

“हे बघा, दोन गर्भ राहिले होते. दोन्ही नीट रुजले होते, पहिल्या सोनोग्राफीत दोघांचे ठोके मी स्वतः बघितले. तेव्हा एकेक बाळ बरबटीच्या दाण्याएवढं असतं. मग त्यातलं एक वाढायचं थांबलं. एवढंसं असतं, शरीर ते आतल्या आत जिरवून टाकतं. रक्त जायलाच पाहिजे असं काही नाही. बऱ्याच बायांना होतं. पूर्वी इतक्या लवकर सोनोग्राफी नव्हती, तर दोन होते हेच कोणाला कळत नव्हतं.”

मोतीराम फोनकडे वाकला. “बाई, मी मोतीराम. पन लागलं अन् गळलं, तर खाली पडाले पाह्यजे नं?”

“फळ झाडाच्या बाहेर लागतं, काका. हे आत होतं.”

मोतीरामने हाताची बोटं चोळली, बी चोळून बघतात तशी. “काकडी चिरली की तिच्यात पोचट बी निघते,” तो स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला. “नुसतं टरफल. ते कुठं खाली पडते? ते आतच असते.”

“तसंच समजा. यात हिची काही चूक नाही. माहेरी गेली त्याच्या आधीच हे झालेलं होतं.” डॉक्टर जरा थांबल्या. “आणि हे सगळं मी हर्षलरावांना त्याच दिवशी फोनवर समजावलं होतं ना. फार घाबरले होते ते. पुन्हा पुन्हा विचारत होते, त्या पुडीमुळे तर नाही ना झालं म्हणून.”

“कोनती पुडी?” अनुपमाने विचारलं.

हर्षल फोन बंद करायला पुढे झाला. उकंडराव मध्ये उभे होते. ते हलले नाहीत.

“अहो, तीच. मुलगा व्हावा म्हणून दुधातून दिलेली,” डॉक्टर म्हणाल्या. “मी त्यांना स्पष्ट सांगितलं, तिच्यामुळे झालं असं मी म्हणू शकत नाही आणि नाही झालं असंही म्हणू शकत नाही. असली बाळं बहुतेक वेळा आपली आपणच जातात. पण ज्या आठवड्यांत काळीज, मणका, हातापायाची बोटं घडत असतात त्या आठवड्यांत असलं काही पोटात घालायचं नसतं. पाचव्या महिन्यात मी एवढा वेळ एकेक बोट मोजत बसले ते उगाच नाही. सगळं चांगलं आहे, काळजी करू नका. आता बाळ आवाज ऐकतं, डोळे उघडतं. पण अनुपमा, मी तुला विचारलं होतं काही देशी औषध घेतलंस का, तू नाही म्हणालीस. मला वाटलं लाजतेस.”

“मले माहीतच नव्हतं, मॅडम.”

“अगं बाई,” असं डॉक्टर हळूच म्हणाल्या. मग वंदनाने फोन उचलून, दोन शब्द बोलून बंद केला.

अनुपमाला ते दूध आठवलं. सूर्य उगवायच्या आत अंबूबाई तिला उठवायची, पूर्वेकडे तोंड करून बसवायची आणि पितळी पेल्यातलं गाईचं दूध स्वतःच्या हाताने पाजायची. केशर घातलंय म्हणायची. दूध कडवट लागायचं तर म्हणायची, खरं केशर कडूच असते. तेव्हा हर्षल सुट्टीला आलेला होता, पलंगावर पडून हे बघायचा. अनुपमाने मैत्रिणीला फोनवर सांगितलं होतं, माझी सासू बघ, आईसुद्धा एवढं करणार नाही.

“कोनी आनली पुडी?” मोतीरामने विचारलं.

“मीच सांगतली होती,” अंबूबाई म्हणाली. तिचा सकाळचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. “हर्षलनं आनली. मले का ठाव दोन हायेत म्हनून? पुडी दिली तवा कोनाले ठाव होतं? मी वाईटासाठी नाई दिली वं अनुपमा. गजेंद्रले दोन पोरी, मले वाटलं...”

“मले बी दिली होती काय, आत्याबाई?” वंदनाने मध्येच विचारलं.

“तुह्या वक्ती मले अशी पुडी भेटते हेच ठाव नव्हतं,” अंबूबाई रडत रडत खरं बोलली.

ती सकाळपासून अनुपमावर का तुटून पडत होती ते आता सगळ्यांना कळलं. सुनेने काहीतरी केलं असं ठरलं असतं तर म्हातारीच्या छातीवरचं ओझं उतरलं असतं. दुसरं बाळ राहिलं नाही हे ऐकताच तिला पहिली आठवली होती ती पुडी. मोतीराम खुर्चीवर बसला तो कोणाकडेच न बघता. मग तो व्याह्यांना म्हणाला, “इवाईबुवा, मी जे बोललो ते...” आणि पुढचं त्याला जमलं नाही. उकंडरावांनीही ते पूर्ण करून दिलं नाही. ते लेकीजवळ जाऊन बसले.

हर्षलने तिला आतल्या खोलीत गाठलं. ती लुगडं नेसत होती, निऱ्या वंदना धरत होती.

“मी भेलो होतो, अनुपमा. तुले समजलं असतं तर तू आईले कधीच...”

“सकाळपासून साऱ्यायनं माह्यावर बोट धरलं,” ती म्हणाली. “तुमी तिथंच उभे होते.”

“आता तर झालं नं साफ? बाबा बी मानले. तू जाऊ नको आज. मी बाबाले सांगतो.”

“बाबाले तुमी काय काय सांगता ते मी पाह्यलं.”

ती वडिलांबरोबर जाणारच होती. ओटी मात्र भरून घेणार होती. कारण ती तिची नव्हती, पोटातल्या त्या एकट्याची होती, आणि त्याच्यासमोर सकाळपासून पुरेसं बोलून झालं होतं.

चार वाजता बाया आल्या. गजेंद्रने फ्लेक्स एका बाजूने दुमडून बांधला होता, त्यामुळे आता त्यावर अनुपमा आणि एकच बाळ दिसत होतं, आणि मोतीरामचं नाव अर्धं. बायांनी ते पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं आणि खण-नारळ घेऊन रांगेने बसल्या. अनुपमाने हिरवं लुगडं, फुलांचा मुकुट, फुलांच्या बांगड्या घातल्या होत्या. वंदनाने पहिली ओटी भरली. अंबूबाईने भरली तेव्हा अर्धे गहू जमिनीवर सांडले. बायांना वाटलं आनंदाने.

मग कोणीतरी ओरडलं, “आता नवऱ्याले बोलवा! पयला घास त्याच्या हातचा!”

हर्षलला ढकलत आणलं. सात वाट्यांत सात पदार्थ मांडले होते. त्याने करंजी उचलली. पांढरीशुभ्र, कडा मुरडलेली, अंबूबाईच्या हातची. सगळ्या बाया माना उंच करून बघू लागल्या. त्याने ती अनुपमाच्या तोंडाशी नेली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं.

अनुपमाने तोंड उघडलं नाही. तिने करंजीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“आधी तुमी खा,” ती म्हणाली.

मांडवात एकदम हशा पिकला. “अगं बाई, पाय कसं लाडात आली!” “खा रे बाप्पा, आधी तूच खा!” कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी मोबाइल वर धरला. अंबूबाई खांबाला धरून उभी होती, ती तेवढी हसली नाही.

हर्षलने करंजीचा अर्धा भाग तोडून तोंडात घातला. सारण कोरडं होतं, तो चावत राहिला. बाया हसत होत्या. अनुपमा त्याच्या गळ्याकडे बघत राहिली, त्याने घास पुरता गिळेपर्यंत, आणि मगच तिने तोंड उघडलं.